सात लिंब आणि गेरू

आमच्या खानदेशात वैशाखात दारी आलेल्या माणसाला आधी ‘पाणी घ्या’ म्हणत नाहीत, ‘सावलीत या’ म्हणतात. पाणी मागून येतं. धुळ्याच्या देवपुरात राहायला आल्यावर मी हे शेजारणीला सांगितलं, तर तिला मोठी गंमत वाटली. तिच्या घरात पंखा होता. शिंदखेडा तालुक्यातला मे महिना ज्यानं बिनपंख्याचा काढलाय त्याला यात काही गंमत दिसायची नाही.

आमचं गाव त्याच तालुक्यात, नदीच्या काठाला. नदी म्हणायची आपली रीत. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने सोडले तर ती वाळूची वाटच. गावाच्या नदीकडच्या टोकाला सात लिंब होते. लिंब म्हणजे कडूलिंब, पण आमच्याकडे त्याला कोणी कडू म्हणत नाही. ज्याच्या खाली जन्म काढायचा त्याला नावं कशाला ठेवायची?

ते कोणा एकाचे नव्हते, गावाचे होते. त्यांचे काही नियम होते आणि ते कुठंही लिहिलेले नव्हते. ओली फांदी तोडायची नाही. वाळकी फांदी पडली तर ती ज्या घरी बाळंतीण असेल त्या घरी जायची, न्हाणीच्या पाण्यासाठी. धान्यात घालायला पाला हवा तर जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढाच, शिडी लावायची नाही. लिंबोळ्या वेचील त्याच्या. दुपारी एका लिंबाखाली ढोरं बसत, दुसऱ्याखाली म्हातारे, आणि दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नसे. पुढे मी धुळ्याला एका कार्यालयात टंकलेखनाची नोकरी केली. तिथं शाश्वत विकास, हरित क्षेत्र, लोकसहभाग असले शब्द मी शेकडो वेळा टाइप केले. माझं त्या शब्दांशी भांडण नाही. पण आमच्या गावाला एवढ्या सगळ्याला एकच शब्द पुरायचा, सावली.

या सातही लिंबांचा खरा दिवस म्हणजे आखाजी. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीचे लोक त्या दिवशी सोनं आणतात म्हणे, आमच्याकडे लेकी आणतात. सासरी गेलेली प्रत्येक लेक आठ दिवस माहेरी. त्या आठ दिवसांत तिनं चुलीपुढे बसायचं नाही, पाणी शेंदायचं नाही, कोणाचं ऐकून घ्यायचं नाही. गौराईची गाणी म्हणायची, आमरस ओरपायचा, नदीच्या या काठावर उभं राहून त्या काठावरच्या गावच्या बायकांना ठेवणीतल्या शिव्या द्यायच्या. सासूवरचा बारा महिन्यांचा राग पलीकडच्या कोणा अनोळखी बाईवर निघायचा आणि त्या बाईलाही त्याचं काही वाटायचं नाही, कारण ती तेच करत असायची. आणि दिवसभर झोका. सातही लिंबांना झोके बांधलेले असायचे. विहिरींवर मोटारी आल्या तसे मोटेचे जाडजूड नाडे रिकामे झाले होते, ते झोक्यांच्या कामी आले.

घराघरात त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरायची. मातीची नवी घागर, तिच्यावर छोटा गडू, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि गोड सांजोरी. दुसऱ्या दिवशी घागरीतलं पाणी लिंबांच्या बुडाशी नेऊन ओतायचं, ही आमच्या गावची खास रीत. दुसऱ्या गावात मी ती पाहिली नाही.

आता माझ्या फुईबद्दल. बापाच्या बहिणीला आमच्याकडे फुई म्हणतात. माझ्या वडिलांना मी नाना म्हणायची आणि सगळं गावही नानाच म्हणायचं. त्यांची ही एकुलती एक धाकटी बहीण जळगावकडे दिली होती, केळीच्या मुलखात. पाण्याचा सुकाळ, बारमाही हिरवं शिवार, घर भरलेलं. लग्न ठरलं तेव्हा गाव म्हणालं, पोरीनं नशीब काढलं. सासू मात्र अशी, की सून दोन घटका बसलेली दिसली तर तिच्या पोटात दुखायचं. वर्षातून एकदाच धाडायची, आखाजीला. फुईच्या एकूणएक पातळांवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग होते. तो डाग धुतल्यानं जात नाही.

एकदा मी तिला म्हटलं, “फुई, तुमच्याकडे बरं व, जिकडं पाहावं तिकडं हिरवं.”

“बठ्ठं हिरवं शे,” ती म्हणाली, “पन पाठ टेकाले एक झाड नही.”

नदीकाठचा कडेचा लिंब तिचा. ती झोक्यावर बसायची नाही, उभी राहायची. पदर खोचून, नाड्याला दोन्ही हातांनी धरून असा काही हेलकावा घ्यायची की खालच्या बाया “पुरे व बाई” म्हणून ओरडायच्या. वर गेलं की पलीकडच्या गावातली चुलीपुढची बाई दिसते, असं ती सांगायची. मला काय माहीत? झोक्यावर बसलं की मला मळमळायचं. झोक्यावरून उतरून ओकलेली गावातली एकुलती एक पोर मी. त्यामुळे लिंबांवर माझा तेवढा जीव नव्हता, हे आधीच सांगून टाकते.

माझा जीव होता शाळेत. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे एसटीनं शिंदखेड्याला जायचं. मुलं जात, मुली नाहीत. मुलीची शाळा सातवीला संपायची, जशी आमची नदी पावसाळ्यानंतर संपायची, आणि दोन्हींबद्दल कोणी फारसं हळहळायचं नाही. मी सातवीत होते त्या वर्षी शाळेला निरोप आला, गावानं एक खोली बांधून दिली तर आठवीचा वर्ग इथंच सुरू होईल. नाना पंचायतीत होते. ते हट्टाला पेटले. नदीकाठच्या मातीच्या विटा गावानं श्रमदानानं थापल्या. मीही थापल्या. उन्हात वाळल्या. आता भट्टी लावायला लाकूड पाहिजे, दारं-चौकटींना आणि छपराला लाकूड पाहिजे. जवळपास लाकूड म्हणजे सात लिंब.

बैठकीत ते नाव आधी कोणी काढलं हे पुढे कोणीच कबूल केलं नाही. सातांतले पाच तोडायचे, दोन सावलीपुरते ठेवायचे, असं ठरलं. मग एका दुपारी ताटावरून उठता उठता मायला म्हणाले, “झाडं परत लावता येतीन. पोरगी परत तेरा वरीसनी व्हवाव नही.” मायनं ताट उचललं.

तोडायचे कधी, तर आखाजी झाल्यावर. लेकी येतील, झोके खेळतील, आपापल्या सासरी जातील, मग. कोणाचं तोंड बघायला नको. आता या वयात मी सरळ म्हणते, हा भेकडपणा होता. दिलेल्या लेकीचं गावात मत नसतं हे खरं, पण त्या झाडांवर तिचा हक्क आहे हेही सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर त्या जाईपर्यंत थांबले कशाला असते?

लाकूडतोड्या शिंदखेड्याचा. आखाजी झाली की लगेच येतो, घोटाळा नको म्हणून पाच झाडं खूण करून ठेवा, असा त्याचा सांगावा आला. म्हणून आखाजीच्या चार दिवस आधी नाना गेरू भिजवून निघाले. वाडगं धरायला मी. नानांनी चिंधी बुडवून पहिल्या लिंबाला कमरेएवढ्या उंचीवर पट्टा ओढायला घेतला. हात झाडावर, तोंड नदीकडं. पट्टा एका बाजूनं खाली घसरला.

“नाना, वाकडा व्हयना,” मी म्हटलं.

“व्हऊ दे. कितला दिनना शे!”

पाच लिंब, पाच वाकडे पट्टे. मला त्यात वाईट वाटलं का? नाही. मला आनंद झाला होता. प्रत्येक पट्ट्यागणिक आठवी जवळ येत होती. तेरा वर्षांची पोर स्वार्थी असते, आणि तिनं असावंही.

दोन दिवसांनी फुई आली. एसटीतून उतरली, पत्र्याची पेटी माझ्या हातात दिली आणि घराकडं न वळता थेट लिंबांकडं निघाली. दर वर्षी तसंच करायची. आधी लिंब, मग भाऊ. मी पेटी सावरत मागं. कडेच्या लिंबापुढं ती थांबली. पट्ट्यावरून बोट फिरवलं, बोटाला लाल लागलं.

“हाई काय व पोरी? लिंबले गेरू कोनी लावा?”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तिचं तोंड उन्हानं आणि प्रवासानं सुकलेलं होतं, पदरावर केळीचे डाग होते, आणि ती हसत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “आखाजीसाठे लावा. तुमी बठ्ठ्या येतस ना, म्हनीसन.”

“आमनासाठे?”

“हाऊ.”

फुईनं त्या झाडाला दोन्ही हातांनी कवटाळलं. मग डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मला म्हणाली, “बारा वरीसमा माले कोनी इतलं नही इचारं व माय.” मी पेटी उचलून घराकडं पळत सुटले.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. संध्याकाळपर्यंत गावात आलेल्या झाडून सगळ्या लेकींना कळलं की यंदा गावानं आपल्यासाठी लिंब रंगवलेत. आणि यात त्यांना खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं. आखाजीला घरोघरी उंबरे, ओटे, तुळशीचे कट्टे गेरूनं सारवतातच. लिंबही सारवले, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्या झाडांखाली जमल्या तेव्हा फुईनं कमरेवर हात ठेवून विचारलं, “मंग ह्या दोन लिंबस्नी काय पाप करं?” कोणीतरी घरून गेरूचं वाडगं आणलं. उरलेल्या दोन लिंबांनाही पट्टे चढले, चांगले बोटभर जाड, कडा सारख्या केलेले. वरून सातही झाडांना हळदकुंकू वाहिलं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी घागरींचं पाणी ओतलं ते सातही बुडांशी, एरवीपेक्षा जास्त भक्तिभावानं.

पट्टे चढले तेव्हा पुरुष मंडळी समोरच्या ओट्यावर पत्ते कुटत बसली होती. आमच्याकडे आखाजीला पत्त्यांची मुभा असते. फुई तिथूनच ओरडली, “भाऊ, दोन लिंब इसरनात का तुमी? आम्ही लाई दिन्हा गेरू!”

नानांच्या हातातलं पान हातातच राहिलं. ओट्यावर कोणी कोणाकडं बघेना. शेवटी एक म्हातारा खाकरून म्हणाला, “बरं करं बाई.” दुसरं काय म्हणणार?

आठ दिवसांनी लेकी गेल्या. फुईनं जाताना मला जवळ घेतलं. “आते तठे सांगसू, मना गावले लेकीस्नासाठे झाडं रंगाडतस.” तिची एसटी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मला हायसं वाटलं, याची मला अजून लाज वाटते.

दोनच दिवसांत लाकूडतोड्या करवत, कुऱ्हाड, दोर आणि एक जोडीदार घेऊन हजर. आधी त्यानं सातही पट्टे मोजले आणि बुचकळ्यात पडला. नाना म्हणाले, वाकडे पट्टे तोडायचे, सरळ दोन राहू द्यायचे. तो जवळ गेला, खोडावरचं हळदकुंकू पाहिलं, पायातल्या वहाणा काढल्या आणि मागं सरला.

“नाना, हळदकुंकू लायेल झाडले मी हात लावनार नही. पहिला घाव तुमी घाला. मंग मी शे.”

त्याचं म्हणणं रास्त होतं. पाप गावाचं, ते गावातल्या माणसानं आधी घ्यावं. नानांनी कुऱ्हाड हातात घेतली. कडेच्या लिंबापुढं उभे राहिले. कुंकवाचं बोट फुईचं होतं, तिच्या करंगळीशेजारचं बोट लहानपणी मोडलेलं, ते टेकलं की थोडं तिरकं उमटायचं. नाना किती वेळ उभे होते सांगता येत नाही. मग त्यांनी कुऱ्हाड झाडाला टेकवून ठेवली आणि म्हणाले, “उन्हं कमी व्हऊ दे, पाहू.” उन्हं कमी झाली. लाकूडतोड्या भाकरी खाऊन शेवटच्या एसटीनं परत गेला.

त्या संध्याकाळी अंगणात नानांनी विचारलं, “कोनी सांगं बायकास्ले, आखाजीसाठे म्हनीसन?” माय माझ्याकडं पाहात होती. मी जमिनीकडं. नानांना उत्तर मिळालं. मला वाटलं, आता पाठीत बसतो. पण ते नुसते म्हणाले, “आते तुनी आठवी बसनी.” आणि उठून ढोरांकडं गेले.

मी गोठ्यामागं जाऊन मनसोक्त रडले. मला राग कोणाचा आला असेल? फुईचा. वर्षातून आठ दिवस येते, झोका खेळते आणि माझी शाळा घेऊन जाते. आपणच खोटं बोललो हे त्या रागात कुठल्या कुठं गेलं.

शाळा उघडायला आठवडा राहिला तेव्हा मास्तर घरी आले. ते परगावचे, शुद्ध बोलायचे. म्हणाले, “नाना, खोली नाही तर नाही. वर्ग भरवायला मुलं लागतात, फळा लागतो आणि सावली लागते. तिन्ही आहे. पाऊस आला की सातवीच्या वर्गात दाटीनं बसवू.” कागदावर त्यांनी काय लिहिलं देव जाणे. जूनमध्ये आमची आठवी लिंबाखाली बसली. आम्ही पाच मुली आणि सहा मुलं. फळा टांगायचा कसा, हा प्रश्न आला. गावाच्या झाडाला खिळा ठोकायची कोणाची छाती नव्हती. मग झोक्याचा नाडा आणला आणि फळा कडेच्या लिंबाच्या खोडाला बांधला. ज्या नाड्यावर फुई आभाळात जायची त्याच नाड्यावर आमचं बीजगणित लटकलं. फळ्याखाली गेरूचा वाकडा पट्टा दिसायचा. वहीवर पिकल्या लिंबोळ्या टपटप पडायच्या, ढोरं येऊन कवायतीला बसायची. एकदा तपासणीला एक साहेब आले. खोली शोधत गावभर फिरले, घामाघूम होऊन लिंबाखाली टेकले, तांब्याभर पाणी प्याले, आणि उठायचं नावच घेईनात. वर्ग चालू राहिला.

पुढच्या वर्षी खोली झाली. वाट काढली ती माझ्या मायनं. कपाशीची वेचणी संपली की शेतात पऱ्हाट्या उरतात, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं. ती वर्षभर चुलीत जळतात. माय पाणवठ्यावर बायकांना म्हणाली, प्रत्येक घरानं एक गाडी पऱ्हाट्या दिल्या तर भट्टी पेटेल, चुलीला थोडं कमी पडेल तर आपण पाहून घेऊ. सगळ्यांनी दिल्या. भट्टी पऱ्हाट्यांवर भाजली, वर पत्रे आले. हे आधीच्या वर्षी का सुचलं नाही? कारण सरपण हा बायकांचा प्रांत, आणि त्या बैठकीत एकही बाई नव्हती. गाव पाच लिंब तोडायला निघालं होतं, पण घरात कोणाला विचारावं हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

आणि मग आखाजी आली. चार दिवस आधी मी ओट्यावर अभ्यास करत होते. पाहते तर नाना वाडग्यात गेरू भिजवताहेत. नुसतं म्हणाले, “सुतळी ली ये.” या खेपेला त्यांनी खोडाभोवती सुतळी बांधली, चारी बाजूंनी पाहिली, आणि तिच्या काठानं पट्टा ओढला. तोंड झाडाकडं होतं. आता वाकडा चालणार नव्हता. येणाऱ्या लेकींना दिसायचा होता. सातही लिंब झाले. पुढं दर वर्षी हे काम नानांनी केलं, दुसऱ्या कोणाला वाडगं धरू दिलं पण चिंधी दिली नाही. दोन-तीन वर्षांत नवी पिढी असं सांगू लागली की आपल्या गावात ही पहिल्यापासूनची रीत आहे. पुरुषांना खरं सांगायची लाज वाटत होती आणि लेकींना शंका नव्हती, त्यामुळे गुपित टिकलं. फुईनं सासरी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की तिकडचे लोक आमच्या गावाला लिंबांचं गाव म्हणू लागले. एका आखाजीला ती डब्यात लिंबाचं रोप घेऊन गेली आणि केळीच्या बांधावर लावलं. सासूनं उपटलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा नेलं. तिसरं टिकलं.

मी धुळ्याला शिकले, नोकरीला लागले, लग्न होऊन देवपुरात आले. आता मीही आखाजीला येणारी लेक. एसटीतून उतरले की ताजे लाल पट्टे दिसायचे. त्यांची सुरुवात कशी झाली हे माझ्याइतकं कोणाला माहीत? तरी दर वर्षी ते पाहून माझे डोळे भरायचे, आणि दर वर्षी मी ठरवायची, फुईला खरं सांगायचं. ती झाडाला हात लावून हसायची आणि माझं धाडस संपायचं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा, एका हिवाळ्यात नाना गेले. त्या वैशाखात आमच्या घरातली घागर त्यांच्या नावानं भरली. एक लिंब आधीच्या पावसाळ्यात वादळानं पडला होता, सहा उरले होते. सहाही यंदा न रंगवलेले. घरच्यांना दुःखात सुचलं नाही आणि गावाला ते नानांचंच काम वाटत होतं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी नानांची घागर कडेवर घेऊन पाणी ओतायला निघाले. फुई माझ्या आधी जाऊन बसली होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचा झोका सुटला होता, कडेच्या लिंबाखालच्या दगडावर बसून राहायची. पावसानं धुतलेल्या जुन्या पट्ट्यावर तिचा हात होता.

“गाव इसरनं व आमले,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, त्यानंच मला सहन झालं नाही.

मी घागर खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. गाव विसरलं नाही फुई, गावानं कधी रंगवलेच नव्हते. ती तोडायची खूण होती. खोलीसाठी पाच लिंब जाणार होते. तू विचारलंस आणि मी खोटं बोलले. पुढं नाना एकटे रंगवत राहिले, बाकी कोणी नाही. बोलताना मी तिच्याकडं पाहात नव्हते. वीसेक वर्षं या बाईनं त्या एका वाक्यावर काढली होती, आणि ते मी काढून घेत होते.

फुईनं पट्ट्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग तिनं विचारलं, “मंग तुनी शाळा?”

मला आधी कळलंच नाही.

“झाडं ऱ्हायनात. मंग तुनी शाळानं काय व्हयनं तव्हय?”

मी म्हटलं, इथंच बसलो आम्ही, या झाडाखाली. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिनं वर फांदीकडं पाहिलं, नाडा बांधून बांधून साल झिजलेल्या जागेकडं.

“तू माले खरं सांगं असतं ना,” ती म्हणाली, “ते मीच भाऊले म्हनं असतं, तोडी टाक.”

मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. एवढी मी कित्येक वर्षांत रडले नव्हते, नाना गेले तेव्हाही नाही. तिनं मला रडू दिलं. मग पाठीवर एक चापटी मारली.

“तव्हय खोटं बोलनी ना तू? जाय, गेरू ली ये. आते खरं करी टाक.”

मी घरून गेरूचा खडा, चिंधी आणि सुतळी आणली. पाणी आणायला विसरले. फुईनं नानांच्या घागरीकडं बोट दाखवलं. त्यातलं ओंजळभर पाणी वाडग्यात घेऊन गेरू भिजवला, उरलेलं झाडाच्या बुडाशी ओतलं. एका हातात सुतळी, दुसऱ्यात चिंधी, आणि पट्टा एका बाजूनं खाली घसरायला लागला. फुई दगडावरून धडपडत उठली आणि तिनं सुतळीचं दुसरं टोक धरलं.